बाकावरची सहल

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)

लॉस एंजेलिसमध्ये ग्रिफिथ पार्क नावाची एक मोठी बाग आहे. तिथे लाकडी घोड्यांचं जुनं मेरी-गो-राउंड आहे. वॉल्ट डिस्ने आपल्या दोन लहान मुलींना घेऊन तिथे जात. मुली घोड्यांवर बसून गोल गोल फिरत आणि हे बाकावर बसून शेंगदाणे खात. डिस्ने यांनीच पुढे सांगितलंय, की तिथे बसल्या बसल्या त्यांच्या मनात आलं, मुलांबरोबर आईबापांनाही मजा करता येईल अशी एखादी जागा हवी. त्यातून डिस्नेलँड उभं राहिलं. १७ जुलै १९५५ ला त्याचं उद्घाटन झालं.

ही गोष्ट पुष्कळांनी ऐकलेली असते. पुढचा हिशेब मात्र कोणी करत नाही. १९५५ साली डिस्नेंची थोरली मुलगी २१ वर्षांची होती. तिचं लग्न झालेलं होतं आणि तिला एक मुलगाही होता. धाकटी १८ वर्षांची. म्हणजे ज्या मुलींना पाहून बापाला ही कल्पना सुचली, त्या उद्यान तयार होईपर्यंत मोठ्या होऊन गेल्या होत्या!

हे मला आधी ठाऊक असतं, तर २०२४ च्या मे महिन्यातला आमचा अर्धा दिवस वाया गेला नसता.

झालं असं, की मुलीची दहावी संपली होती. धाकटा तेरा वर्षांचा. त्याची शाळेची परीक्षा उरकेपर्यंत मे उजाडला. निकाल, प्रवेश, क्लास हे सगळं सुरू व्हायच्या आत चौघांनी मिळून कुठेतरी जावं, असं मी ठरवलं. 'मी ठरवलं' हे महत्त्वाचं. खोपोली-पाली रस्त्यावरचं इमॅजिका मुंबई आणि पुणे, दोन्हीकडच्यांना सोयीचं. तेव्हा तेच पक्कं झालं.

आमच्या पिढीची गंमत अशी, की आईवडिलांबरोबर अशा ठिकाणी जायची सवयच आम्हाला नाही. गोराईचं एस्सेलवर्ल्ड १९८९ साली सुरू झालं. आम्ही तिथे गेलो ते शाळेच्या सहलीबरोबर. मार्वेच्या धक्क्यावरून होडी आणि दर अर्ध्या तासाने आमची डोकी मोजणारे सर. २०२२ मध्ये ते बंद झाल्याची बातमी वाचली तेव्हा आठवला तो होडीचा वास. वडील तिथे आठवलेच नाहीत, कारण ते नव्हतेच. गावच्या जत्रेत मात्र ते असत. आकाशपाळण्याचे पैसे हातावर ठेवून सांगत, "मी भेळवाल्यापाशी उभा आहे." आणि ते खरोखर तिथेच उभे असत. आता वाटतं, यापेक्षा जास्त काही करायची गरज नव्हती.

पण मी पडलो आधुनिक बाप. मुलांबरोबर 'दर्जेदार वेळ' घालवायचा म्हणजे दिवसभर त्यांच्या मानगुटीवर बसायचं, अशी माझी समजूत. मुलीने विचारलं, "मैत्रिणीला आणू?" मी म्हटलं, "नाही, ही कौटुंबिक सहल आहे." तिने मान हलवली आणि खोलीचं दार लावून घेतलं. ज्यांच्या घरात सोळा वर्षांचं माणूस आहे, त्यांना हे दार माहीत असेल. शेवटी सौ.ने परस्पर मैत्रिणीच्या आईला फोन केला आणि गाडीत पाचवं माणूस आलं. हा त्या सहलीतला सगळ्यात शहाणा निर्णय. तो माझा नव्हता.

त्या मैत्रिणीचा उपयोग एवढाच नव्हे, की आमच्या कन्येचा चेहरा दिवसभर हसरा राहिला. ती दोन वाक्यांत एकदा "काका, काकू" म्हणत होती. त्यामुळे आमची मुलगीही आमच्याशी जरा बऱ्या भाषेत बोलू लागली. सोबतीचा दुसराही परिणाम असतो, तोही सांगतो. २००५ साली अमेरिकेत मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी किशोरवयीन मुलं आणि प्रौढ यांना गाडी चालवण्याचा संगणकावरचा खेळ खेळायला दिला होता. एकटी खेळताना मुलं जेवढी धोका पत्करत, त्याहून बरीच जास्त धोका समवयस्क शेजारी असताना पत्करत. प्रौढांमध्ये हा फरक दिसला नाही. म्हणजे पोरांना भिववणाऱ्या पाळण्यात मित्राबरोबरच का बसायचं असतं, ते कळतं. आणि पट्टा आहे, पहारा आहे, अशा ठिकाणी ती हौस भागलेली बरी, नाही का?

तरीही सकाळी फाटकातून आत शिरल्यावर नकाशा माझ्याच हातात. "आधी सगळ्यांनी हे, मग सगळ्यांनी ते." एकीला भूक नाही, एकाला तहान, कोणाला भुताचा वाडा नको, कोणाला फक्त तोच हवा. पाच माणसांचं एकमत व्हायला जो वेळ लागतो, तेवढ्यात रांग शंभर माणसांनी वाढते. साडेअकराला सौ.ने माझ्या हातातला नकाशा घेऊन सरळ घडी घातली. मुलींना म्हणाली, "दीड वाजता जेवायला या कारंज्यापाशी. मोबाईल पाळण्यात नेता येत नाही, तेव्हा फोनच्या भरवशावर राहू नका. आम्ही इथे असू." दोघी पळाल्या. दीडला पाच मिनिटं असताना परत हजर!

आता माझी चूक. तिथे नायट्रो नावाचा मोठा रोलर कोस्टर आहे. बैठकीखाली तळ नाही, पाय हवेत लोंबकळतात आणि गाडी पाच वेळा उलटी होते. धाकटा उंचीच्या पट्टीत बसला, रांगेच्या तोंडापर्यंत आला आणि थांबला. म्हणाला, "मी नाही बसत." मागे माणसं उभी होती. माझ्या तोंडून निघून गेलं, "अरे, ताई दोनदा जाऊन आली. मुलगा असून घाबरतोस?"

तो काही बोलला नाही. रांगेतून वाकून बाहेर पडला आणि समोरच्या बाकावर जाऊन बसला. मी त्याच्या शेजारी. सौ.ने माझ्याकडे एकदा पाहिलं आणि पाणी आणायला निघून गेली.

त्या बाकावर आणखी एक आजी होत्या. सकाळी पालीला बल्लाळेश्वराचं दर्शन घेऊन त्यांची मंडळी इकडे आली होती. सुना-नातवंडं पाळण्यांवर आणि सगळ्यांच्या पिशव्या आजींपाशी. त्यांनी धाकट्याच्या हातावर पेढा ठेवला. म्हणाल्या, "मीपण नाही बसले. मला कुणी विचारलंच नाही म्हणा."

पाळणे बघत बसलं, की बऱ्याच गोष्टी दिसतात. धाकटा तासभर गाड्या मोजत होता. मग हळूच एकेक प्रश्न यायला लागला. चढावर साखळी गाडीला वर ओढत असते तेव्हा टकटक आवाज का येतो? उलटी झाल्यावर गाडी रुळावरून सुटत का नाही? मला काही येत नव्हतं. घरी आल्यावर दोघांनी मिळून शोधलं. रोलर कोस्टरच्या चढावरचा तो टकटकाट म्हणजे दात्यांवर पडत जाणाऱ्या खिट्टीचा. साखळी तुटली तरी गाडी मागे घसरू नये, म्हणून ती सोय. म्हणजे ज्या आवाजाने पोटात गोळा येतो, तो सुरक्षिततेचा आवाज! चाकं तीन प्रकारची असतात. एक रुळाच्या वर, एक बाजूला आणि एक रुळाच्या खाली. खालच्या चाकाचं पेटंट जॉन मिलर या अमेरिकन माणसाने १९१९ मध्ये घेतलं. गाडीला इंजिन नसतं. पहिल्या उंच चढावर जे मिळालं, त्याच्या जोरावर ती पुढचं सगळं अंतर कापते.

आणि तो फेरा पूर्ण गोल नसतो. उलट्या धरलेल्या पाण्याच्या थेंबासारखा असतो. न्यूयॉर्कच्या कोनी आयलंडवर १८९५ च्या सुमारास अगदी गोल फेऱ्याची गाडी होती, त्यात लोकांच्या मानेला हिसके बसत. तळाशी वेग जास्त, म्हणून वळण मोठं हवं. माथ्यावर वेग कमी, म्हणून तिथे छोटं चालतं. हा थेंबाचा आकार वापरून १९७६ मध्ये कॅलिफोर्नियात 'रेव्होल्यूशन' उभी राहिली, आणि मग असे फेरे जगभर झाले. हे सगळं आता धाकटा पाहुण्यांना पेन्सिलीने काढून दाखवतो.

दुपारी चौघं बोटीच्या पाळण्यात भिजून आली. त्याचं नाव राजासॉरस. हे नाव उगाच ठेवलेलं नाही बरं का. राजासॉरस नर्मदेन्सिस हा गुजरातेत नर्मदेच्या परिसरात सापडलेला खरा डायनासोर. त्याचं शास्त्रीय नामकरण २००३ साली झालं.

संध्याकाळी पाचच्या सुमाराला मैत्रीण दमली, तेव्हा कन्या माझ्यापाशी आली. "बाबा, एकदा माझ्याबरोबर चला ना, नायट्रोवर." मला रक्तदाब नाही, मानेचं दुखणं नाही. फलकावर लिहिलेलं एकही कारण माझ्याजवळ नव्हतं, आणि खरं कारण सांगायची सोय नव्हती. सकाळी मीच ती बंद करून ठेवली होती.

रांग पाऊण तासाची. दोन्ही बाजूंना लोखंडी कठडे. दार लावून घ्यायला दार नाही, आणि मोबाईल आईपाशी. दहा मिनिटं आम्ही पुढच्या माणसाच्या टोपीबद्दल बोललो. मग ती म्हणाली, "बाबा, मला सायन्स नको आहे." मी अभियंता, माझा भाऊ अभियंता, क्लासचा पहिला हप्ता भरून झालेला. तिने पुढे सांगितलं, की तिला आर्ट्सला जायचंय, इतिहास घ्यायचाय, आणि गेले चार महिने ती हे बोलायला पाहत होती. मी पुष्कळ काही बोलणार होतो. पण रांग सारखी सरकते, वाक्य अर्धवट राहतं. मग ऐकणंच सोपं पडतं. ती बोलत होती, मी ऐकत होतो. पगार, नोकऱ्या, "लोक काय म्हणतील" ही माझी सगळी वाक्यं जुळत आली, तेवढ्यात आमचा नंबर लागला आणि खांद्यावरून कडी खाली आली.

पुढच्या दोन-तीन मिनिटांबद्दल मी काही सांगू शकत नाही, कारण डोळे मिटलेले होते. टकटकाट ऐकला एवढं आठवतं. बाहेर पडलो तेव्हा गुडघे आपले नव्हते. कन्या माझा हात धरून चालत होती, पाचवी-सहावीनंतर पहिल्यांदाच.

बाकावर धाकटा वाट बघत होता. त्याने विचारलं, "भीती वाटली?"

"वाटली."

"किती?"

"सकाळी तुला वाटली त्याहून जास्त. आणि सकाळी मी तुला बोललो, ते चुकलंच."

तो "बरं" म्हणाला आणि पेढ्याचा उरलेला अर्धा तुकडा माझ्यापुढे धरला. आजी केव्हाच गेल्या होत्या.

परतीच्या वाटेवर गाडी थांबवून डब्यातली थालीपिठं खाल्ली. बाहेरचं खाणं आत चालत नाही, म्हणून ती दिवसभर गाडीतच होती. मैत्रीण तीन थालीपिठं खाऊन झोपली. पुढे प्रवेशाचा अर्ज भरायची वेळ आली, तेव्हा शाखेच्या रकान्यात मुलीने स्वतः लिहिलं. त्याआधी घरात दोन-चार दिवस आवाज चढले, नाही असं नाही. क्लासचे पैसे अर्धेच परत मिळाले.

आणि धाकटा म्हणतोय, "पुढच्या वेळी मी नायट्रो बघेन." बघेन म्हणजे बसून बघेन की बाकावरून बघेन, ते मी अजून विचारलेलं नाही.