मुलांनी तारलेले गायनगुरुकुल



सायखेड्यास येणारी गोदामाई आधी नाशिक पाहून येते. त्याच नाशकात पंडित विष्णु दिगंबर पलुसकरांनी उतारवयात रामनाम-आधाराश्रमात शिष्यांसह वास केला. परंतु त्यांच्या कार्याचा आरंभ झाला दूर लाहोरास.

५ मे १९०१ रोजी तेथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले. तोवर गाणे शिकणाऱ्याने गुरुगृही वर्षानुवर्षे सेवा करावी, अशी रीत होती. बुवांनी वर्ग, अभ्यासक्रम आणि स्वरलिपीची पुस्तके आणली. काही मुले 'उपदेशक वर्गा'त ठेवून घेतली. त्यांचे राहणे, जेवण व शिक्षण विनामूल्य. शिकून त्यांनी इतरांस शिकवावे, एवढीच अपेक्षा. ही मुले समुदायाने प्रार्थना गात.

१९०८ साली मुंबईस विद्यालय निघाले. पुढे मोठी इमारत उभी राहिली, तिच्याबरोबर कर्जही वाढले. अखेर वास्तू लिलावात गेली. आता संपले, असेच कोणासही वाटले असते.

१९३१ साली बुवा निवर्तले. त्याच वर्षी शिष्यांनी अहमदाबादेस गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. विनायकबुवा पटवर्धनांनी १९३२ साली पुण्यास विद्यालय काढले. ओंकारनाथ ठाकुरांनी काशी हिंदु विश्वविद्यालयात संगीतशिक्षण उभे केले.

आम्ही गावोगाव शाळेच्या भिंतींसाठी वर्गणी जमवितो. ती जरूर जमवावी. परंतु गळा असलेल्या एखाद्या गरीब मुलाच्या दोन वेळच्या जेवणाची सोय आम्ही करतो काय? बुवांची इमारत गेली; त्यांनी जेवू घातलेली मुले मात्र कामास आली.