काळ्या मोटारीची निगा

काळ्या रंगाची मोटार घेणाऱ्यास पहिला महिनाभर तिच्यासारखें दुसरें वाहन नाहीं असें वाटतें. ती दारांत उभी असली कीं समोरच्या झाडाचीं पानें, सज्जांतील कुंड्या आणि जवळून जाणाऱ्याचा चेहरा तिच्या अंगांत आरशासारखा दिसतो. वर्ष उलटतें. तोच आरसा धुरकट होतो, सकाळच्या उन्हांत त्यावर कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा दिसूं लागतात, आणि मालकाच्या मनांत पहिला विचार येतो तो हा कीं, रंगच हलका निघाला. हा विचार बहुधा खरा नसतो. काळ्या मोटारीचा रंग ऊनपावसापेक्षां पुसणाऱ्या हातानेंच अधिक बिघडतो. आणि म्हणूनच तो घरच्या घरीं राखतांही येतो.

पुण्यांतील एका निवृत्त गृहस्थांची हकीकत या बाबतींत बोधप्रद आहे. आयुष्यभर स्कूटरवर काढल्यावर निवृत्तीच्या वर्षीं त्यांनीं काळी मोटार घेतली. ते राहतात त्या इमारतींत एक तरुण रोज सकाळीं एका बादलींत दहा मोटारी पुसून जात असे. आठ महिन्यांनीं बॉनेटवर रेघा दिसल्या, तेव्हां सर्व दोष त्या तरुणावर ठेवून गृहस्थांनीं त्याला कामावरून दूर केलें आणि घरांतल्या जुन्या लुगड्याच्या मऊ फडक्यानें रोज सकाळीं स्वतःच मोटार कोरडी पुसावयास आरंभ केला. चार महिन्यांत रेघा कमी होण्याऐवजीं वाढल्या. ते घरांत त्रागा करीत असतां त्यांच्या पत्नीनें स्टीलचें एक ताट दिव्याखालीं धरलें. त्या म्हणाल्या, “अहो, हें पाहा. घासून घासून या ताटावर जीं गोल जाळीं पडलीं आहेत, तींच तुमच्या मोटारीवर आहेत. हें ताट तर कोणा परक्यानें घासलेलें नाहीं.”

त्या ताटांत या विषयाचें अर्धें शास्त्र आलें. ताटावरील रेघा वास्तविक गोल नसतात. त्या सर्व दिशांना पडलेल्या असतात. परंतु प्रकाश ज्यांवर आडवा पडतो तेवढ्याच चमकतात, आणि म्हणून दिव्याच्या प्रतिबिंबाभोवतीं वर्तुळें असल्याचा भास होतो. दिवा हलविला कीं वर्तुळेंही हलतात. पांढऱ्या मोटारीवरही असे ओरखडे असतातच. फरक इतकाच कीं, ओरखड्यावरून विखुरलेला प्रकाश पांढऱ्या रंगांत मिसळून जातो. काळा रंग मात्र आंत शिरलेला बहुतेक प्रकाश गिळून टाकतो, आणि मग ओरखडा फळ्यावर खडूनें ओढलेल्या रेघेसारखा उठून दिसतो. काळा रंग नाजूक असतो असें नव्हे. तो कांहीं लपवीत नाहीं.

ओरखडा फडक्यानें पडत नाहीं, फडक्याखालीं सांपडलेल्या धुळीनें पडतो. रस्त्यावरील धुळींत गारगोटीचे सूक्ष्म कण असतात. कठीणपणा मोजण्याच्या मोह्सच्या दहा अंकी मापावर गारगोटीचा अंक ७ आहे, तर साध्या काचेचा साडेपांचच्या आसपास. जो कण काचेसही ओरखडतो त्याच्यापुढें मोटारीचा लेप काय टिकणार! कोरड्या फडक्यानें धूळ पुसणें म्हणजे फडकें कितीही मऊ असलें तरी मोटार सौम्य पॉलिशकागदानें घासण्यासारखेंच आहे. दहा मोटारींची माती ज्या एका बादलींत उतरली, तिच्यांतील ओल्या फडक्याचीही तीच गत.

ज्यावर हे ओरखडे पडतात तो थर किती जाड असतो, हेंही जाणून घेतलें पाहिजे. आजच्या मोटारीवर पत्र्याला गंजापासून जपणारा थर, त्यावर अस्तर, त्यावर काळा रंग आणि सर्वांत वर वार्निशासारखा एक पारदर्शक लेप असतो. ही पद्धत १९८० नंतरच्या दशकांत सर्वत्र रूढ झाली. चारही थर मिळून जाडी साधारणपणें १०० ते १५० मायक्रॉन भरते, आणि पारदर्शक लेप त्यांपैकीं ४०-५० मायक्रॉनच असतो. एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. अर्थात् हा लेप डोक्याच्या केंसाहूनही पातळ. झळाळी त्याचीच, आणि उन्हांतील अतिनील किरण अडवून खालचा रंग जपण्याचें कामही त्याचेंच. पॉलिश म्हणजे या लेपाचा वरचा अंश घासून सपाट करणें होय. प्रत्येक पॉलिशनें मूळ पुंजींतून थोडी रक्कम खर्ची पडते, आणि ती पुन्हां जमा होत नाहीं. जुन्या मोटारींवर रंग हाच सर्वांत वरचा थर असे; तो उन्हानें पांढुरका पडे, म्हणून त्याला वरचेवर घासावें लागे आणि फडक्यावर रंग उतरे. त्या काळची संवय आजच्या मोटारीस लावणें अहितकारक आहे.

आतां प्रत्यक्ष धुण्याची रीत. मोटार सावलींत उभी करावी आणि पत्रा हातास थंड लागल्यावरच पाणी घ्यावें. काळा पत्रा उन्हांत फार तापतो. त्यावर पाणी पडतांच वाळतें आणि त्यांतील क्षारांचे पांढरे डाग मागें राहतात. ज्या घरीं कूपनलिकेचें जड पाणी येतें तेथें हा धोका अधिक. प्रथम नुसत्या पाण्यानें सुटी माती वाहून जाऊं द्यावी. मग दोन बादल्या घ्याव्या : एकींत मोटारीसाठीं मिळणारा सौम्य शाम्पू, दुसरींत स्वच्छ पाणी. मायक्रोफायबरचा हातमोजा शाम्पूंत बुडवून मोटारीचा एक भाग धुवावा, मोजा दुसऱ्या बादलींत खळबळून माती सोडावी, आणि मगच पुन्हां शाम्पूंत घालावा. छतापासून आरंभ करून खालीं यावें. हात सरळ रेषेंत फिरवावा, आणि दाब देऊं नये. चाकें व खालच्या पट्ट्या शेवटीं व निराळ्या फडक्यानें धुवाव्या. भांड्यांचा साबण किंवा कपड्यांची पूड वापरूं नये; तीं वरचें मेण उतरवितात. शेवटीं भरपूर पाणी सोडून, मायक्रोफायबरचा मोठा पंचा अंगावर अलगद पसरून पाणी टिपून घ्यावें. जें फडकें जमिनीवर पडलें तें धुतल्यावांचून त्या दिवशीं पुन्हां मोटारीस लावूं नये. एवढा एक नियम पाळला तरी निम्मी हानि टळेल.

पक्ष्यांच्या विष्ठेस मात्र रविवारची वाट पाहावयास लावूं नये. ती आम्लधर्मी असते, आणि तापलेल्या काळ्या पत्र्यावर कांहीं तासांतच लेपावर कायमचा ठसा उमटवूं शकते. ती नखानें खरवडणें चुकीचें. पाण्यानें भिजलेलें फडकें तिच्यावर पांचदहा मिनिटें ठेवावें आणि मऊ झाल्यावर उचलून घ्यावें. झाडाच्या चिकाचीही हीच रीत. कापडी आच्छादन मळक्या मोटारीवर घालूं नये. वाऱ्यानें तें हलतें आणि खालची धूळ दिवसभर घासत राहते. पावसानें मोटार धुतली जाते हीही एक समजूतच आहे. पाऊस थांबल्यावर चिखलाचा जो पातळ थर वाळतो, तो पुसण्याचा मोह आवरावा.

धुऊन वाळविलेल्या मोटारीवर पातळ प्लॅस्टिकची पिशवी हातांत घालून बोटें फिरवावीं. खरखर लागल्यास लेपांत रुतलेले सूक्ष्म कण आहेत असें समजावें. ते काढण्यासाठीं क्ले नांवाचा मातीसारखा मऊ गोळा मिळतो. भरपूर ओलावा ठेवून तो हलक्या हातानें फिरवावा. वर्षांतून एकदां हें पुरे. त्यानंतर ओरखड्यांची परीक्षा करावी. ज्या ओरखड्यांत नख अडकतें तो पॉलिशनें जाणार नाहीं; त्यासाठीं रंगारीच पाहिजे. ज्यांत नख अडकत नाहीं असे ओरखडे सौम्य पॉलिशनें पुसट होतात. परंतु प्रथम एखाद्या कोपऱ्यांत वीतभर जागेवर प्रयोग करावा, आणि जें सर्वांत सौम्य त्यानें काम होत असेल तर त्याहून प्रखर घेऊं नये. कडा व कोपरे यांवर लेप पातळ असतो, तेथें घासूं नये. शेवटीं मेणाचा अगदीं पातळ हात द्यावा. ब्राझीलमधील एका ताडाच्या पानांपासून मिळणारें कार्नौबा मेण काळ्या रंगास खोल चकाकी आणतें, पण आपल्याकडील उन्हांत तें एकदोन महिन्यांहून फार टिकत नाहीं. कृत्रिम लेप अधिक टिकतात. सिरॅमिक लेपावरून पाणी चटकन ओघळतें हें खरें. पण कोरड्या फडक्यापासून तोही मोटारीस वांचवीत नाहीं.

या सर्व गोष्टी समजल्यावर त्या गृहस्थांनीं तरुणास पुन्हां बोलाविलें. “अरे, चूक तुझ्या एकट्याची नव्हती,” असें त्यांनीं मोकळेपणानें सांगितलें. तरुण क्षणभर गप्प राहिला. मग म्हणाला, “काका, एका बादलींत दहा गाड्या धुवायच्या म्हटल्यावर मी तरी काय करणार? दुसरी बादली कोणी देत नाहीं, आणि एक दिवस गाडी पुसली नाहीं तर लोक पैसे कापतात.” गृहस्थांना याचें उत्तर देतां आलें नाहीं. मोटार रोज पुसली जावी हा हट्ट मालकांचाच होता. ओरखडे मात्र तरुणाच्या नांवावर जमा झाले होते.

तेव्हांपासून तेथें नवी व्यवस्था आहे. रोज फक्त कांचा पुसल्या जातात. रविवारीं सकाळीं, ऊन चढण्यापूर्वीं, गृहस्थ व तो तरुण दोन बादल्या घेऊन मोटार मिळून धुतात. महिन्याचा पगार पूर्वीचाच आहे, आणि न पुसल्याबद्दल तो कापला जात नाहीं. शेजारच्या तीन बिऱ्हाडांनींही हीच पद्धत उचलली आहे. मोटारीवरील जुन्या रेघांपैकीं बऱ्याच एका पॉलिशनें पुसट झाल्या. कांहीं सकाळच्या तिरप्या उन्हांत अजून दिसतात. त्या काढण्यासाठीं पुन्हां घासण्याचें गृहस्थांनीं टाळलें आहे. आठवडाभर मोटारीवर धूळ बसते, आणि ती तशीच बसूं देण्यास ते आतां शिकले आहेत.