तेलाची दरवाढ : नफा कोणाचा, तोटा कोणाचा?



खनिज तेल महागले की तेल कंपन्यांची चांदी होते, असा सर्वसाधारण समज आहे. तो अर्धाच खरा आहे. भूगर्भातून तेल काढणे आणि ते शुद्ध करून विकणे हे दोन निराळे व्यवसाय होत.

२०२२ साली युक्रेन युद्धामुळे खनिज तेलाचा भाव पिंपामागे शंभर डॉलरपलीकडे गेला. मुंबई हायमधून तेल काढणाऱ्या तेल व नैसर्गिक वायू महामंडळाला एप्रिल ते जून या तिमाहीत सुमारे १५,२०० कोटी रुपये नफा झाला. त्याच तिमाहीत, माहूल येथे शुद्धीकरण कारखाना असलेल्या हिंदुस्थान पेट्रोलियमला सुमारे १०,२०० कोटींचा तोटा सोसावा लागला. कच्चे तेल जागतिक भावाने घ्यावयाचे, पंपावरील दर मात्र वाढवावयाचे नाहीत, अशी ही कोंडी होती.

ऑक्टोबरमध्ये केंद्र शासनाने तीन सरकारी विक्री कंपन्यांना घरगुती गॅसवरील तोट्यापोटी २२,००० कोटी रुपये मंजूर केले. पेट्रोल-डिझेलचा तोटा त्यात नव्हता. तो कंपन्यांनी पुढे तेलाचे भाव उतरल्यावर भरून काढला. तेल स्वस्त होऊनही पंपावर दिलासा का नाही, हा ग्रामसभेत हमखास विचारला जाणारा प्रश्न. त्याचे बरेचसे उत्तर येथे आहे. कंपन्यांनी लिटरमागे दोन रुपये कमी केले ते मार्च २०२४ मध्ये.