वाचा गेली, समज नाही

आज बोलायचं आहे मेंदू आणि भाषेबद्दल, पण सुरुवात आमच्या आर. के. पुरममधल्या एका घरातून करतो.

माझे जुने सहकारी, सातारा जिल्ह्यातले सुभेदारसाहेब, इथे मुलाकडे राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगवायू झाला. उजवा हात लुळा पडला आणि वाचा गेली. तोंडातून फक्त "बरं" एवढंच यायचं. भेटायला गेलो, तर त्यांच्यासमोरच घरातलं कोणीतरी म्हणालं, "त्यांना आता काही कळत नाही." साहेबांच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मी मराठीत म्हटलं, "साहेब, तुमचा चष्मा बघू जरा." त्यांनी डाव्या हातानं उशाखालचा चष्मा काढून माझ्या हातात दिला.

सगळी तपासणी हिंदीत झाली होती. मराठीत कोणी काही विचारलंच नव्हतं.

1861 मध्ये पॅरिसमध्ये पॉल ब्रोका या डॉक्टरांकडे असाच एक रुग्ण होता. तो फक्त "तान" म्हणायचा, पण विचारलेलं त्याला बरंचसं कळायचं. मृत्यूनंतर पाहिलं तर मेंदूच्या डाव्या अर्ध्याचा पुढचा भाग खराब झालेला होता. पुढे 1874 मध्ये कार्ल वेर्निके यांनी उलट प्रकार मांडला. डाव्या कानाच्या वरच्या-मागच्या बाजूला इजा झाली, तर माणूस घडाघडा बोलतो, पण बोलण्याला अर्थ नसतो आणि दुसऱ्याचं बोलणंही नीट कळत नाही. आज आपल्याला माहीत आहे की भाषेचं काम दोनच ठाण्यांवर चालत नाही, त्यांना जोडणाऱ्या तारांचं मोठं जाळं आहे. फौजेतल्या वायरलेससारखं समजा. पाठवणारा भाग बिघडला, तरी ऐकणारा चालू असू शकतो.

मात्र ऐकणं अगदी पहिल्यासारखं राहतं असंही नाही. "वाघानं हरणाला मारलं" हे अशा रुग्णाला लगेच कळतं. "वाघाला हरणानं मारलं" म्हटलं, तर तो बऱ्याचदा गोंधळतो. शब्द कळतात, जगाचा अनुभवही शाबूत असतो, पण "नं" आणि "ला" हे छोटे प्रत्यय हातातून निसटतात. म्हणून वाक्य साधं आणि लहान हवं.

आता आपल्यासारख्या, महाराष्ट्राबाहेर राहणाऱ्यांचा प्रश्न. दोन-तीन भाषा येणाऱ्या माणसाच्या सगळ्या भाषा बहुतेक वेळा बरोबरीनं सुधारतात. पण नेहमी नाही. आधी शिकलेली भाषा आधी परत येते, असं फ्रान्सच्या रिबो यांचं म्हणणं होतं. 1895 मध्ये पित्र यांनी सांगितलं, की सर्वांत जास्त वापरातली आधी येते. दोन्ही नियमांना अपवाद सापडले. मग करायचं काय? प्रत्येक भाषेत विचारून पाहायचं. डॉक्टरांना मराठी येत नसेल, तर घरातल्यांनी सांगायचं, "यांची भाषा मराठी आहे, मी विचारतो, तुम्ही बघा."

सुभेदारसाहेबांच्या घरी आम्ही तेच केलं. रोज अर्धा तास मराठी. प्रश्न असा, की "हो-नाही"त उत्तर देता यावं. विचारून झालं की थांबायचं, त्यांचं वाक्य आपण पुरं करायचं नाही. एके संध्याकाळी वहिनींनी गणपतीची आरती सुरू केली आणि साहेब दोन ओळी शब्दांसकट म्हणाले! यात चमत्कार काही नाही. पाठ झालेलं, चालीवरचं बोलणं अनेकदा वाचतं, कारण ते वेगळ्या वाटेनं येतं. आरती म्हणता आली म्हणजे गप्पा मारता येतील असं नाही, पण धीर येतो. आज ते वहिनींना नावानं हाक मारतात, चहा मागतात. हिंदी अजून अडखळतेच.

शेवटचं एकच. कोणाचं बोलणं अचानक अडखळलं, तोंड वाकडं झालं, तर उद्यावर ढकलू नका. गुठळी विरघळवण्याचं औषध साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. आणि वाचा गेलीच, तर त्या माणसासमोर "त्यांना कळत नाही" असं म्हणू नका. आधी त्याच्या भाषेत विचारून बघा.