अंडं अडतं तेव्हा
(सोलापूर येथे वसंत व्याख्यानमालेत दिलेले व्याख्यान)



गाय आजारी पडली की आपण डॉक्टरांना निरोप धाडतो. कुत्रा जेवेना झाला तर त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेतो. कोंबडीनं अंडी देणं थांबवलं, तर मात्र ती ‘आता कामाची राहिली नाही’ असं म्हणून मोकळे होतो. आज मला नेमकं या तिसऱ्या वागण्याबद्दल बोलायचं आहे. कोंबडीचे अंड्याशी संबंधित बहुतेक आजार आपणच तिच्यावर टाकलेल्या ओझ्यातून आलेले असतात. म्हणून ते टाळणं, आणि टळले नाहीत तर वेळेत उपचार करणं, हे आपण तिचं देणं लागतो.

हे ओझं किती आहे ते पाहा. कोंबडीची मूळ पूर्वज म्हणजे लाल रानकोंबडी. ती वर्षाकाठी दहा-पंधरा अंडी घालते आणि उबवायला बसते. आपली गावरान कोंबडी साधारण ५० ते ६० अंडी देते. निवडक पैदाशीतून तयार झालेली संकरित कोंबडी वर्षाला ३०० च्या घरात जाते. शरीर तेच, डावीकडचा एकच कार्यक्षम अंडाशय आणि एकच अंडनलिका, आणि काम मात्र वीस-तीस पट. आज शहरात गच्चीवर, परसात हौसेनं पाळलेल्या कोंबड्यांत अशा जास्त अंड्यांच्या जाती बऱ्याच असतात. त्यांना नाव असतं, मुलांच्या हातून त्या दाणे खातात. त्यांचं दुखणंही घरातलंच मानायला हवं.

एक अंडं तयार व्हायला साधारण २५ तास लागतात. अंडाशयातून बलक सुटतो आणि अंडनलिकेच्या नरसाळ्यासारख्या तोंडात येतो. तिथं तो १५ ते ३० मिनिटं असतो. पुढं तीनेक तासांत त्याच्याभोवती पांढरा भाग साचतो, नंतर तासा-सव्वातासात पातळ पापुद्रे चढतात. उरलेले जवळपास वीस तास अंडं कवचाच्या कप्प्यात बसून असतं. याचा मोठा भाग रात्रीचा. कोंबडी अंधारात मान आखडून बसलेली दिसते, तेव्हा तिच्या पोटात चुन्याचं काम चालू असतं. एका कवचाला साधारण २ ग्रॅम कॅल्शियम लागतं. तेवढं पोटातून मिळालं नाही, तर ती ते आपल्या हाडांतून काढून घेते. काही दिवस हे निभावतं. मग कवच पातळ होतं, अंडं मऊ येतं, आणि शेवटी ते बाहेर ढकलायला लागणारे स्नायूच नीट आकुंचन पावत नाहीत, कारण स्नायूंनाही कॅल्शियम लागतं. अंडं अडण्याची सुरुवात पुष्कळदा इथंच झालेली असते.

आता आपल्या सोलापूरकडे येऊ. आपल्याकडे कोंबडीला ज्वारी टाकतात. मंगळवेढ्याची मालदांडी भाकरीला उत्तम, पण एकट्या ज्वारीवर अंड्याचं कवच होत नाही. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे २५ मिलिग्रॅम कॅल्शियम असतं. म्हणजे एका कवचापुरतं कॅल्शियम ज्वारीतूनच मिळवायचं, तर कोंबडीला आठेक किलो ज्वारी खावी लागेल. आणि ती दिवसाला खाते १०० ते ११० ग्रॅम! उकिरडा उकरणारी, किडे, गोगलगायी वेचणारी गावरान कोंबडी ही तूट काही प्रमाणात भरून काढते. गच्चीवर बंद असलेल्या कोंबडीला ती सोय नाही. जुन्या वाड्याच्या भिंतीचा चुना टोचत बसलेली कोंबडी पाहिलीत, तर समजा ती आपली गरज सांगते आहे.

म्हणून अंड्यावर आलेल्या कोंबडीला अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं तयार खाद्य द्यावं; त्यात ३.५ ते ४ टक्के कॅल्शियम असतं. शिवाय वेगळ्या वाटीत शिंपल्यांचा किंवा चुनखडीचा जाडसर चुरा ठेवावा, आणि तो संध्याकाळीच भरावा. जाड कण पोटात सावकाश विरघळतात आणि रात्रभर कवचाला कॅल्शियम मिळत राहतं. पानाचा चुना मात्र कधीच देऊ नये. तो दाहक असतो, तोंड आणि अन्ननलिका भाजते. तलंगांना, म्हणजे अंड्यावर न आलेल्या माद्यांना, हे जास्त कॅल्शियमचं खाद्य देऊ नये. त्यांच्या मूत्रपिंडांवर ताण येतो.

दुसरी गोष्ट उन्हाळ्याची. एप्रिल-मे महिन्यांत आपला पारा चाळिशी पार करतो. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नाहीत. तिचं अंग एरवीच ४१ अंशांच्या वर तापलेलं असतं. मग ती चोच उघडून धापा टाकते. या धापांतून कर्बवायू भराभर बाहेर जातो, रक्तातलं आम्ल-अल्कलीचं संतुलन बिघडतं, आणि कवचासाठी लागणारा कार्बोनेट कमी पडतो. वर उन्हामुळं ती खातेही कमी. खाद्य उत्तम असूनही मे महिन्यात अंडी पातळ येतात ती यामुळं.

सोलापूरचा उन्हाळा कोरडा आहे, ही यातली जमेची बाजू. कोरड्या हवेत पाण्याचं बाष्प लवकर होतं, म्हणून खुराड्याच्या वाऱ्याच्या बाजूला ओलं पोतं टांगलं, तर आपल्याकडे जसा गारवा मिळतो तसा दमट कोकणात मिळत नाही. खाद्य पहाटे आणि दिवस कलल्यावर द्यावं, भर दुपारी पोट भरलं की अंगाची उष्णता वाढते. पाणी मातीच्या भांड्यात, सावलीत, दिवसातून दोन-तीनदा बदलून ठेवावं. कोंबडी एरवी दिवसाला पाव लिटरच्या आसपास पाणी पिते; कडक उन्हात तिची गरज दुपटीवर जाते. अंड्याचा तीन चतुर्थांश भाग पाणीच असतो, हे ध्यानात ठेवा.

एवढं करूनही अंडं अडलं, तर ओळखायचं कसं? कोंबडी घोळक्यापासून बाजूला उभी असते. पिसं फुगवलेली, शेपूट खाली, अंगाचा भार मागं टाकून छाती वर केलेली. शेपटीची हालचाल दर श्वासाला दिसते. ती वारंवार घरट्यात जाते, जोर करते आणि रिकामी परत येते. तुरा फिकट पडतो. तिला शांतपणे काखेत धरून मलद्वाराच्या खाली, दोन्ही बाजूंच्या नाजूक हाडांच्या मध्ये बोटं हलके टेकवा. तिथं कडक गोळा जाणवला, तर अंडं अडलेलं असण्याची शक्यता मोठी. काही जाणवलं नाही, तरी अंडं नाही असं म्हणता येत नाही. मऊ कवचाचं अंडं हाताला लागत नाही.

अशा वेळी तिला सावलीच्या, शांत जागी इतरांपासून वेगळं ठेवा. कोमट पाण्यात मलद्वार बुडेल इतपत १५ ते २० मिनिटं बसवता येतं, त्यानं स्नायू सैल होतात. पण ती धापा टाकत असेल तर आधी तिला गार होऊ द्या. पोट दाबू नका. आतलं अंडं काडीनं फोडू नका. कवचाचे तुकडे अंडनलिका चिरतात आणि तिथून जंतुसंसर्ग पसरतो. काही तासांत अंडं आलं नाही, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. दिवस उलटला की आतडी आणि नसांवरचा दाब वाढत जातो आणि कोंबडी वाचणं कठीण होतं. डॉक्टर कॅल्शियमचं इंजेक्शन देतात, आत वंगण सोडतात, एक्स-रे काढतात. ऑक्सिटोसिन हे अंडनलिका आकुंचन पावायला लावणारं औषध तेव्हाच देतात, जेव्हा वाट मोकळी असल्याची खात्री असते. वाट अडलेली असताना ते दिलं तर अंडनलिका फुटू शकते. गरज पडल्यास भूल देऊन सुईनं अंड्यातला द्रव काढतात आणि कवच आकसवून बाहेर घेतात. हे काम घरी करायचं नाही.

मलद्वारातून लालसर मांसल भाग बाहेर दिसला, तर तिला ताबडतोब वेगळं करा. लाल रंग पाहून इतर कोंबड्या टोचतात आणि जखम जीवघेणी होते. तो भाग स्वच्छ मिठाच्या पाण्यानं धुवा, त्यावर साखर पेरा; साखर त्यातलं पाणी शोषते आणि सूज उतरते. मग डॉक्टरांकडे जा. पोट फुगलंय, पाण्यानं भरल्यासारखं लागतंय, कोंबडी डुलत चालते, असं असेल तर बलक पोटाच्या पोकळीत सुटून तिथं जंतुसंसर्ग झालेला असू शकतो. तो बरा होणं कठीण असतं, आणि अशा वेळी तिला वेदनारहित शेवट देण्याचा सल्ला डॉक्टरांनी दिला, तर तोही करुणेचाच भाग आहे.

प्रत्येक खंड मात्र आजार नसतो. कोंबडी खुडूक बसली, पिसं गाळू लागली, म्हातारी झाली, तर अंडी थांबतात. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम ११ तासांचा असतो. अंड्याच्या भरासाठी सुमारे १४ तासांचा उजेड लागतो. हौसेच्या कोंबडीला थंडीची ही विश्रांती मिळू द्या. बल्ब लावून तिच्याकडून बारा महिने अंडी काढू नका. हाडं भरून यायला तिला तेवढाच वेळ मिळतो.

एका घरी एकाच वेळी सगळ्यांची अंडी घसरली, वाकडीतिकडी आली, तर संसर्ग ओळखा. मानमोडी, म्हणजे राणीखेत, हा त्यातला सर्वांत घातक. त्यावर लस आहे: पहिल्या आठवड्यात लासोटा, पुढं आठ आठवड्यांच्या सुमारास आर-टू-बी. एकाएकी बऱ्याच कोंबड्या दगावल्या, तर मेलेल्या कोंबड्या फेकू नका, हाताळूही नका. लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. २००६ साली नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला देशातला पहिला बर्ड फ्लू आढळला, त्यामुळं लवकर कळवण्याचं मोल महाराष्ट्राला वेगळं सांगायला नको.

औषधाबद्दल एक विनंती. शेजाऱ्याच्या सल्ल्यानं प्रतिजैविक पाण्यात मिसळू नका. खाण्याच्या प्राण्यांसाठी कोलिस्टिन या प्रतिजैविकाच्या वापरावर सरकारनं २०१९ साली बंदी घातली, ती माणसावरच्या शेवटच्या उपायांत ते औषध टिकावं म्हणून. डॉक्टरांनी औषध दिलं, तर त्यांनी सांगितलेल्या दिवसांची अंडी खाऊ नका, कोणाला देऊही नका.

घरच्या पशुधनासाठी १९६२ हा मोफत दूरध्वनी आहे, गावोगावी सरकारी पशुवैद्यकीय दवाखाने आहेत, आणि कठीण केस पुढं पाठवायला उदगीर आणि शिरवळची पशुवैद्यकीय महाविद्यालयं आहेत. तिथं कोंबडी घेऊन जायला संकोच करू नका. दारात येणाऱ्या रुग्णांत कोंबड्या वाढल्या, तर डॉक्टरही त्यांचा अभ्यास अधिक करतील, औषधं ठेवतील. आपण तिच्याकडून दर दिवसाचं अंडं घेतो. तिच्या आजारात एक दिवस तिच्यासाठी काढणं, हा आपला साधा हिशेब आहे. तो चुकता करू या.