दार काढलेली जीप



आपल्या भाषेत दाराला मोठा मान आहे. कुणी आपल्या दारी आलं तर ते आपलं माणूस होतं. कुणाचं दार बंद झालं की आपण हळहळतो. दारोदार फिरणं वाईट आणि दार उघडं असणं चांगलं, हे आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही. आज मात्र मी अशा एका गाडीविषयी बोलणार आहे, जिची दारं माणसं हौसेनं काढून ठेवतात आणि मग तिच्यात बसून डोंगर चढायला जातात. ही गाडी म्हणजे जीप.

खरं सांगायचं तर जीप जन्मली तीच बिनदाराची. १९४० साली युरोपात महायुद्ध पेटलेलं होतं. अमेरिकेच्या सैन्याला टेहळणीसाठी लहान, हलकी, चारही चाकांना जोर मिळणारी गाडी हवी होती. १३५ कंपन्यांना विचारणा झाली. पहिला नमुना द्यायला मुदत होती अवघी ४९ दिवसांची. पेनसिल्वेनियातल्या बटलर गावची बँटम नावाची लहानशी कंपनी पुढे आली. कार्ल प्रॉब्स्ट या अभियंत्यानं आराखडा केला आणि २३ सप्टेंबर १९४० रोजी, मुदत संपायच्या जेमतेम आधी, गाडी सैन्याच्या ताब्यात दिली गेली. पुढे विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून युद्ध संपेपर्यंत सहा लाखांहून अधिक जीपगाड्या तयार केल्या.

या गाडीला दार का नव्हतं? पहिलं कारण वजन. सैन्यानं सुरुवातीला मर्यादा घातली होती १३०० पौंडांची, म्हणजे सुमारे ५९० किलोची. ती पाळणं कुणालाच जमलं नाही आणि पुढे वाढवावी लागली. पण प्रत्येक किलोचा हिशेब होत होता. दुसरं कारण माणसाचं. गोळी सुटली की सैनिकाला क्षणात बाहेर उडी मारता यावी. त्याला दाराची कडी शोधायला वेळ कुठला? म्हणून दाराच्या जागी फक्त एक आडवा पट्टा असे, खड्ड्यात गाडी उडाली तर माणूस बाहेर पडू नये म्हणून. हा पट्टा ध्यानात ठेवा. माझं आजचं बोलणं त्याच्याभोवतीच आहे.

ही जीप आपल्याकडे कशी आली, तेही ऐकण्यासारखं आहे. १९४५ साली महिंद्र बंधू आणि मलिक गुलाम मोहम्मद यांनी 'महिंद्र अँड मोहम्मद' नावाची कंपनी काढली. १९४७ साली फाळणी झाली. मोहम्मदसाहेब पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले आणि १९५१ साली गव्हर्नर जनरल. इकडे १९४८ साली कंपनीच्या पाटीवर 'महिंद्र अँड महिंद्र' लागलं. स्वातंत्र्यानंतरच्या त्या लगतच्या वर्षांत मुंबईत माझगावला विलीज जीप जोडल्या जाऊ लागल्या. देशाच्या दोन वाटण्या झाल्या तसं कंपनीचं नावही बदललं. जीप मात्र खेड्यापाड्यांत पोचली. तहसीलदाराची जीप, फौजदाराची जीप, देवीची लस टोचणाऱ्यांची जीप, निवडणुकीत कर्णा लावून धुरळा उडवणारी जीप. वर ताडपत्रीचा टप आणि दोन्ही बाजू मोकळ्या. आमच्या पिढीच्या पोरांना जीपला दार असतं, हेच मुळी पुष्कळ उशिरा कळलं.

युद्धानंतर अमेरिकेत जीप शेतावर गेली, मग हौशी लोकांच्या हाती आली. आज तिथं जी जीप रँग्लर मिळते तिला पक्की ॲल्युमिनियमची दारं असतात; पण ती काढता येतील अशी मुद्दाम बनवलेली असतात. तारेच्या आकाराचं टोक असलेला पाना कंपनीच देते. काच खाली करायची, बिजागऱ्यांचे बोल्ट काढायचे, डॅशबोर्डखालची वायरची जोडणी सोडवायची, उघडं दार धरून ठेवणारा पट्टा सोडायचा आणि दार सरळ वर उचलायचं. एका माणसाला जमतं, पण दोघं असलेले बरे. कारण दार जड असतं आणि त्याच्या रंगाला ओरखडा पडला की मालकाच्या काळजाला पडतो.

माझा एक भाचा डेन्व्हरला असतो. त्याच्याकडे गेलो असताना तो मला युटा राज्यातल्या मोॲब या गावी घेऊन गेला. लाल-नारिंगी वालुकाश्माचा प्रदेश, शेजारून कोलोरॅडो नदी. १९६७ सालापासून तिथं दर ईस्टरला जीपवाल्यांची जत्राच भरते. आम्ही गेलो तेव्हा जत्रा नव्हती. मॉटेलच्या खोलीत भाच्यानं चारही दारं ब्लँकेटं गुंडाळून भिंतीला टेकवून ठेवली. एका दाराच्या खोलीत पाच दारं झाली! मला हसू आलं. तो मात्र गंभीर होता. गाडीतून पाण्याच्या बाटल्या, नकाशा, माझी टोपी, मोबाइल, सगळं एकेक करून बांधून किंवा बंद खणात टाकून झाल्यावर त्यानं विचारलं, "मामू, पट्टा बांधला का?" मी म्हटलं, "अरे, अजून गाडी सुरूही झाली नाही." तो म्हणाला, "तुमचा पट्टा लागल्याशिवाय ती सुरू होणारच नाही."

दाराविना गाडीत बसल्यावर पहिली गोष्ट जाणवते ती जमीन. एरवी रस्ता समोरच्या काचेत असतो, चित्रासारखा. इथं तो आपल्या कोपराखाली वाहत असतो. चाकाखाली दगड कुरकुरतात, ते ऐकू येतं. उन्हानं तापलेल्या झुडपांचा वास येतो. वेग खरा वाटू लागतो. बंद गाडीत ऐंशीचा वेग म्हणजे बसून राहणं. दाराविना तीसचा वेगसुद्धा अंगावर येतो, आणि चालवणारा आपसूक पाय सैल करतो.

पण नुसत्या मौजेसाठी दारं काढत नाहीत. खडकावर गाडी चालवायची म्हणजे सगळ्यात खालच्या गिअरमध्ये, माणूस चालेल त्याहूनही हळू. कुठलं चाक कुठल्या दगडावर ठेवायचं हे डोळ्यांनी बघून ठरवावं लागतं. दार नसलं की चालक किंचित कलून पुढचं चाक नेमकं कुठं टेकलंय ते बघू शकतो. अरुंद जागी दार खडकाला घासत नाही. एक जण खाली उतरून समोर उभा राहतो आणि हाताच्या खुणांनी वाट दाखवतो. त्याचं म्हणणं नीट ऐकू येतं. आणि आखलेली वाट सोडून चाक बाजूला घालायचं नाही, हा तिथला दंडक. वाळवंटातल्या मातीवर जिवंत सूक्ष्म जीवांची साय असते. एकदा चाक फिरलं की ती पुन्हा धरायला वर्षानुवर्षं लागतात.

एका उतारावर गाडी माझ्या बाजूला अशी कलली, की खालची दरी थेट मांडीशी आली. माझा हात आपोआप बाहेर जाऊ लागला, जणू मी जमिनीला टेकू देऊन गाडी सावरणार होतो. भाचा ओरडला, "हात आत! हात आत ठेवा, मामू!" गाडी पार झाल्यावर त्यानं समजावलं. गाडी कलंडली तर माणूस सहजच हात किंवा पाय बाहेर काढतो, आणि दीड-दोन टनांची गाडी त्याच हातावर येते. म्हणून समोरची दांडी धरायची आणि अंग गाडीच्या आत ठेवायचं.

आता कायद्याचं बघू. अमेरिकेत गाड्यांच्या दारांच्या कुलपांसाठी राष्ट्रीय मानक आहे. दाराविना चालवण्यासाठी बनवलेल्या गाड्यांच्या सहज काढता येणाऱ्या दारांना त्यातून सूट दिलेली आहे. रस्त्यावरचे नियम मात्र राज्यागणिक वेगळे, आणि खरा पेच बऱ्याचदा आरशाचा असतो. रँग्लरचे बाजूचे आरसे दारावरच बसवलेले. दार गेलं की आरसाही जातो, आणि मागून येणारी गाडी दिसत नाही. मग वेगळे आरसे बिजागरीच्या जागी बसवावे लागतात. फोर्डनं २०२१ च्या ब्रॉन्कोमध्ये आरसे दारावर न ठेवता बोनेटलगतच्या अंगावरच बसवले, ते यासाठीच. आणि गंमत अशी की दारं काढायची सोय देणाऱ्या जीप कंपनीच्याच पुस्तिकेत ताकीद असते, की दाराविना गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवू नका. ही सोय आडवाटेपुरती आहे. दार धातूचं असतं. बाजूनं धक्का बसला तर ते थोडा मार स्वतःवर घेतं. अपघातात गाडीबाहेर फेकला गेलेला माणूस क्वचितच वाचतो. दार काढलं की त्याला आत धरून ठेवणारा एकच उरतो, पट्टा.

श्रोतेहो, हे सगळं मोॲबमध्ये ऐकत असताना माझं मन सातारा जिल्ह्यातल्या वडापमध्ये जाऊन बसलं होतं. वडाप हा शब्द काही श्रोत्यांना नवा असेल. आमच्याकडे माणशी भाडं घेऊन गावोगाव फिरणाऱ्या जीपला वडाप म्हणतात. दुसरीकडे काळीपिवळी म्हणतात. मी कॉलेजात होतो तेव्हा शेवटची एस.टी. गेली की वडापच आधार असे. नऊ माणसांच्या गाडीत अठरा-वीस. चालक स्वतः अर्धा बाहेर, एक ढुंगण सीटवर आणि एक हवेत. मागे पायरीवर चार-पाच जण टपाची दांडी धरून लोंबकळत. त्या गाड्यांनाही दारं नसत. असली तरी काढून ठेवलेली असत, कारण दार लावलं तर तेवढी माणसं मावणार कशी?

आमच्या वर्गातला एक मुलगा असाच बाजूला लोंबकळत घरी चालला होता. उसाचा हंगाम होता. समोरून उसाची ट्रॉली आली, दोन्ही बाजूंनी ऊस बाहेर आलेले. रस्ता अरुंद. त्याचा उजवा खांदा त्यात ओढला गेला. जीव वाचला, हात वाचला नाही. म्हणजे होता, पण खांद्याला नुसता अडकवल्यासारखा. अक्षर सुंदर होतं त्याचं. त्या वर्षीच्या परीक्षेला तो लेखनिक घेऊन बसला. पेपर सांगताना मध्येच थांबायचा आणि लेखनिकाच्या हाताकडे बघत राहायचा.

भाच्याच्या जीपला दार नव्हतं आणि वडापलाही नव्हतं. वारा दोन्हीकडे सारखाच लागतो. पण भाच्याची दारं मॉटेलच्या खोलीत सुखरूप होती. संध्याकाळी पुन्हा बसणार होती. त्याच्या अंगावर पट्टा होता, डोक्यावर पोलादी नळ्यांचा पिंजरा होता आणि त्या दिवशी गाडीत किती माणसं बसवायची हे त्यानं स्वतः ठरवलं होतं. माझ्या वर्गमित्रानं काहीच ठरवलं नव्हतं. त्याला फक्त घरी जायचं होतं. दार काढणं ही हौस व्हायची असेल, तर ते परत लावणं आपल्या हातात असावं लागतं.

आपला कायदा याबाबत मुका नाही. मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याचं कलम १२३ सांगतं, की पायरीवर, टपावर किंवा गाडीच्या अंगाबाहेर कुणालाही नेता येणार नाही. कलम ५२ गाडीच्या मूळ रचनेत फेरफार करण्याविषयी आहे, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही उत्पादकाच्या मूळ नोंदीपेक्षा गाडी वेगळी होईल असे बदल चालणार नाहीत, असं स्पष्ट केलं. आजकाल आपल्याकडेही तरुण मुलं जुन्या जीप विकत घेतात, सजवतात, दारं उतरवतात आणि पावसाळी रविवारी घाटात निघतात. त्यांच्या हौसेला मी नावं ठेवणार नाही. ती चव मीही घेतली आहे. पण दार लावून नोंदलेली गाडी दाराविना रस्त्यावर आणली, तर हे कलम आड येऊ शकतं. आणि कलमापेक्षा मोठी अडचण घाटातल्या वळणावर असते. तिथं समोरून ट्रक येतो, रस्ता ओला असतो आणि मागच्या सीटवर मित्र पट्टा न लावता, एक पाय बाहेर सोडून फोटो काढत असतो.

दारं काढायचीच असतील तर मालकाच्या परवानगीनं मोकळ्या माळावर किंवा रीतसर आखलेल्या मैदानात काढा. वेग चालत्या माणसाचा ठेवा. आरसा जागेवर असू द्या. सुटी वस्तू बांधा. लहान मूल त्या दिवशी घरी असू द्या. हात आत. आणि प्रत्येकाच्या अंगावर पट्टा, मागच्याच्या अंगावरही.

आणि एक मागणं आहे, ते जीपवाल्यांकडे नाही, आपल्या सगळ्यांकडे आहे. अजूनही आपल्या आडगावच्या रस्त्यांवर संध्याकाळी पायरीवर लोंबकळत घरी जाणारी माणसं दिसतात. त्यांच्या मागे आपली गाडी असली तर कर्णा वाजवून त्यांना घाई करू नका. चार हात अंतर ठेवून हळू चला. त्यांच्यापैकी कुणी सुटला, तर ब्रेक लागायला तेवढी जागा राहील. त्या क्षणी त्या माणसाला ना दार असतं ना पट्टा. असतं ते फक्त आपण राखलेलं अंतर.



(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित मजकूर)