शेजारच्या मुलाची लस

(चंद्रपूर येथील महिला मेळाव्यात एका शिक्षिकेने केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



मी डॉक्टर नाही. मी प्राथमिक शाळेत शिकवते. आज बोलायला उभी राहिले ती माझ्या मुलाची आई म्हणून, आणि माझ्या हातून झालेली एक चूक कबूल करायला.

माझ्या मुलाला चौथ्या वर्षी रक्ताचा कॅन्सर झाला. औषधांनी तो बरा झाला, पण 2021 मध्ये आजार उलटला. डॉक्टर म्हणाले, आता बोनमॅरो बदलावा लागेल, म्हणजे स्टेम सेल प्रत्यारोपण. सख्ख्या भावाबहिणीचा मॅरो पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते. आमच्या नशिबाने मोठीचा जुळला. फेब्रुवारी 2022 मध्ये मुंबईत अकरा वर्षांच्या बहिणीने सात वर्षांच्या भावाला मॅरो दिला.

हा उपचार आपल्याकडे नवा नाही. 1983 मध्ये मुंबईच्या टाटा रुग्णालयात डॉ. सुरेश अडवाणी यांनी देशातलं पहिलं यशस्वी प्रत्यारोपण केलं. नऊ वर्षांच्या मुलीला तिच्या भावाचा मॅरो दिला होता. ज्यांनी हे केलं ते डॉक्टर लहानपणीच्या पोलिओमुळे चाकाच्या खुर्चीत बसून काम करतात. ही गोष्ट लक्षात ठेवा, कारण पुढे मी लसीबद्दलच बोलणार आहे.

आम्हाला वाटलं, मॅरो दिला की संपलं. खरं काम तिथून सुरू झालं. नवा मॅरो देण्याआधी जुना औषधांनी पूर्ण मारतात. दोन-चार आठवड्यांत नव्या पांढऱ्या पेशी दिसू लागतात. तो आकडा पाचशेच्या वर गेला आणि तीन दिवस टिकला, तेव्हा वॉर्डातल्या आम्ही सगळ्या आया रडलो. पण त्या पेशी म्हणजे नुसते पहारेकरी. शत्रूला ओळखणाऱ्या टी पेशी तयार व्हायला कित्येक महिने लागतात. प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या बी पेशींना वर्ष, कधी दोन वर्षंही लागतात. त्यात बहिणीच्या पेशींनी भावाच्या शरीरावर हल्ला करू नये म्हणून प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी चालू असते. म्हणजे एका हाताने वाढवायचं, दुसऱ्या हाताने दाबायचं.

आणि जुनं शिकलेलं सगळं पुसलं जातं. बाळपणी त्याला दिलेली एकही लस मी चुकवली नव्हती. डॉक्टर म्हणाले, त्या सगळ्या गेल्या असंच समजा. पाटी कोरी. लसी पुन्हा पहिल्यापासून. मेलेल्या जंतूंच्या लसी काही महिन्यांनी सुरू होतात, पण गोवर-रुबेलाची लस जिवंत विषाणूची असते. ती किमान दोन वर्षं द्यायची नाही, आणि नंतरही प्रकृती पाहूनच.

आमच्या शेजारच्या खाटेवर एटापल्लीकडची एक गोंड आई होती. तिचं मराठी तोडकं, माझं गोंडी शून्य. पण आम्ही एकमेकींचे डबे धुतले. घरी सोडताना डॉक्टरांनी मला सांगितलं, बांधकामाच्या आणि मातीच्या धुळीत बुरशी असते, तिच्यापासून जपा. मी चंद्रपूरची, कोळशाच्या खाणींच्या गावची! तिला सांगितलं, पाणी उकळून द्या, मच्छरदाणी लावा, ताप आला तर लगेच दवाखाना गाठा. गडचिरोलीत मलेरिया खूप. पावसाळ्यात नाला भरला की तिच्या गावातून बाहेर पडता येत नाही. ती हसून म्हणाली, “ताई, दवाखाना कुठं गाठू?” प्रत्यारोपण मुंबईत होतं, पण प्रतिकारशक्ती वाढते ती घरी, आपल्या पाण्यात, आपल्या धुळीत, आपल्या शेजारात.

आता चुकीकडे येते.

नोव्हेंबर 2022. प्रत्यारोपणाला नऊ महिने झालेले. मुंबईच्या गोवंडीत गोवर पसरला, मग मालेगाव, भिवंडी. मुलं दगावली, आणि लागण झालेल्यांत लस न घेतलेली मुलं खूप होती. याच वस्त्या आपल्या नात्यागोत्याच्या. तेवढ्यात आमच्या मोहल्ल्यात एका मुलाला ताप आणि अंगावर पुरळ. गोवराचा रोगी खोलीतून निघून गेला तरी विषाणू दोन तास हवेत राहू शकतो. मुंबईच्या डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, संपर्क आला असेल तर इम्युनोग्लोब्युलिन द्यावं लागेल, पण खरं संरक्षण म्हणजे आजूबाजूच्या मुलांना लस असणं.

मी घरोघरी लसीकरणाची कार्डं विचारत फिरले. एका घरी कार्ड नव्हतं. मी जरा चिडूनच विचारलं, शाळेत मोहीम झाली तेव्हा का नाही दिली? ती आई शांतपणे म्हणाली, “आपा, तेव्हा तुम्हीच तर वर्गावर होतात. तुम्ही काही बोलला नाहीत.”

खरं होतं ते. नोव्हेंबर 2018 मध्ये राज्यात गोवर-रुबेलाची मोहीम सुरू झाली. व्हॉट्सअ‍ॅपवर अफवा होती की या सुईने मुलं पुढे नापुरुष होतात. लसीच्या दिवशी माझा अर्धा वर्ग रिकामा होता. मला माहीत होतं की अफवा खोटी आहे. माझी स्वतःची मुलं मी पाठवली होती. पण लोकांच्या तोंडी कशाला लागा, सरकारची बाजू घेते म्हणतील, म्हणून मी हजेरीपटावर गैरहजर लिहिलं आणि गप्प बसले. चार वर्षांनी त्या रिकाम्या बाकांचा हिशेब माझ्या दारात येऊन उभा राहिला.

त्या मुलाचा ताप गोवराचा निघाला नाही. आम्ही वाचलो. पण ते आमचं कर्तृत्व नव्हतं.

एक गोष्ट नंतर वाचली. 2019 मध्ये नेदरलँड्समधल्या लस न घेतलेल्या मुलांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. गोवर झाल्यावर त्यांच्या शरीरातली इतर रोगांविरुद्धची 11 ते 73 टक्के प्रतिद्रव्यं नाहीशी झाली होती. म्हणजे गोवरही पाटी पुसतो. माझ्या मुलाची पाटी त्याला वाचवण्यासाठी पुसावी लागली. तुमच्या मुलाची विनाकारण का पुसू द्यायची?

गोवर थोपवायला शंभरातल्या पंचाण्णव मुलांना दोन्ही डोस हवेत. पहिला नऊ ते बारा महिन्यांत, दुसरा सोळा ते चोवीस महिन्यांत. उरलेल्या पाचांत माझ्या मुलासारखी मुलं असतात, ज्यांना लस देताच येत नाही. ती जागा त्यांच्यासाठी सोडा. आपल्या आळसाने किंवा भीतीने ती भरू नका.

तीन मागण्या करते. घरी गेल्यावर मुलांची कार्डं काढा. राहिलेला डोस असेल तर आशाताईंना गाठा. उशिरा का होईना, देता येतो. दुसरं, तरुणांनी ‘दात्री’सारख्या नोंदणीत नाव द्यावं. गालाच्या आतून कापसाची काडी फिरवली की नोंद होते. जुळणी वंशपरंपरेने येते, त्यामुळे आपल्या मुलांना जुळणारा दाता आपल्यासारख्याच लोकांत सापडण्याची शक्यता जास्त. तिसरं, आजारी मुलाच्या घरी सर्दी-खोकला घेऊन मिठाई द्यायला जाऊ नका. दारात ठेवा, फोन करा. आम्हाला राग येणार नाही.

2024 मध्ये दोन वर्षं पूर्ण झाल्यावर माझ्या मुलाला पुन्हा गोवर-रुबेलाची लस मिळाली. त्याचा रक्तगट आता बहिणीचा आहे. भांडण झालं की ती म्हणते, माझं रक्त परत दे. त्या दिवशी सुई टोचल्यावर तो रडला नाही, मी रडले. आणि कार्ड नसलेल्या त्या घरातली आई आमच्याबरोबर आली होती. तिच्या धाकटीचा दुसरा डोस त्याच दिवशी होता.

आता मोहीम आली की मी आदल्या दिवशी घरोघरी जाते. लोक बोलतात. बोलू देत. मी गप्प बसत नाही.